मामांच्या ओमेगाचं रेडियम गुळासारखं झालंय, अंधारात चमकत पण नाही. नवीन भरून घ्यावं का तसंच ठेवावं?

उदगीरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत असतो, आज पहिल्यांदाच लिहायलोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडं मामांचं ओमेगा सीमास्टर घड्याळ आहे, ऑटोमॅटिक. मामा कुवेतला कामाला होते, तिथंच घेतलं, बिल अजून डबीत आहे, त्यावर १९७६ आहे. मशीन चालू आहे पण दिवसाला चार-पाच मिनिटं पुढं जायलंय, ते सर्व्हिसिंग केलं की होईल नीट. प्रश्न तो नाही. प्रश्न आहे रेडियमचा. आकड्यांजवळचे जे ठिपके आहेत ते मधाच्या रंगाचे झालेत आणि काट्यातलं तर त्याहून गडद, पार गुळासारखं. मिनिटकाट्यात एका ठिकाणी भेग पण दिसायली. अंधारात काहीच चमकत नाही.

आता हे एवढं मनावर का घ्यायलो ते सांगतो. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही मामांकडं औशाच्या बाजूच्या गावात होतो. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले, आणि पहाटे जमीन हलली. मामांनी लेकरांना ओढत अंगणात आणलं, लाईट गेलेली, कोणाचं कोण दिसंना, आणि मामांनी मनगट डोळ्याजवळ नेऊन सांगितलं की चारला चार मिनटं कमी आहेत. नंतर पेपरात पण ३ वाजून ५६ मिनिटं हीच वेळ आली. आईला ते हिरवे काटे अजून आठवतात. मामा मागच्या वर्षी गेले, घड्याळ आईकडं आलं, आणि आईनं पहिल्याच रात्री विचारलं की हे आता चमकत कामून नाही रे?

एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात दाखवलं. तो म्हणला डायल पूर्ण नवीन रंगवून देतो, काट्यात नवीन रेडियम भरतो, ट्यूबलाईटसारखं चमकेल, दोन दिवसात न्या. मी हो म्हणणार होतो पण हात थांबला. आईसाठी करून घ्यावं वाटायलंय, पण काही वाटोळं तर होणार नाही ना? ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा.

परभणी_टाईम

माझं मत सरळ आहे दादा. घड्याळ घालायला असतं. आमच्याकडं शेतात लाईट रात्रीच असते, मोटर चालू करायला दीड-दोन वाजता उठावं लागतं, अंधारात वेळ दिसत नसेल तर ते घड्याळ काय कामाचं. आईला चमकलेलं बघायचंय ना, मग भरून घ्या बिनधास्त. रंग उडाला की आपण घराला पण रंग देतोच की.

गुलमंडी_घडीसाज

उदगीरकर दादा, हात थांबला ते लई चांगलं झालं. आता थांबलाच आहात तर पूर्ण थांबा.

मी संभाजीनगरात ३२ वर्षं हेच काम करतो, माझ्या आधी वालिद करायचे. पहिलं एक काम करा. भिंग घ्या, नसलं तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा, आणि डायलवर सहाच्या आकड्याखाली अगदी कडेला बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा. नुसतं 'स्विस मेड' आहे, का त्याच्या दोन्ही बाजूला एक-एक 'टी' आहे? टी असला तर ते रेडियम नाहीच, ते ट्रिटियम. आपण सगळ्याला रेडियम म्हणतो, उसाच्या ट्रॉलीमागं चिकटवलेल्या पट्टीला पण रेडियम, नंबर प्लेटला पण रेडियम, लेकरांच्या खोलीतल्या चांदण्यांना पण रेडियम, पण त्यातल्या एकातही रेडियम नसतं. ट्रॉलीची पट्टी तर स्वतः उजेड देतच नाही, हेडलाईट पडला की परत फेकते फक्त. घड्याळात मात्र एका काळी खरंच रेडियम होतं आणि ते वेगळं प्रकरण आहे, म्हणून आधी ओळखायचं.

दुसरी परीक्षा. घड्याळ मोबाईलच्या टॉर्चखाली अर्धा मिनिट धरा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत जाऊन बघा. थोडं चमकून काही सेकंदात विझलं तर समजा ट्रिटियमवालं जुनं आणि मूळचंच. अजिबात काही झालं नाही आणि घड्याळ १९६० च्या आधीचं असेल तर रेडियम असू शकतं. आणि तासभर जोरात चमकत राहिलं तर कोणीतरी आधीच नवीन माल भरून गेलंय, मग डायलवर टी असो नाहीतर काही असो. मी ही तिसरी खूण बघूनच लई जणांना घेण्याआधी वाचवलंय. विकणारा म्हणतो ७० सालचं ओरिजिनल, एकदम कोरं, आणि अंधारात बघावं तर दिव्यासारखं पेटलेलं. ५० वर्षांचं ट्रिटियम असं पेटूच शकत नाही.

परभणीवाले भाऊ, तुमचं म्हणणं कळतं, पण घराच्या भिंतीचा आणि डायलचा हिशोब एक नाही. डायल रंगवायची म्हणजे मूळ छाप पूर्ण पुसायचा. ओमेगाचं ते बारीक चिन्ह, अक्षरांच्या टोकांची धार, हे कारखान्यात छापलेलं असतं, ते पुन्हा तसं येत नाही. आपल्याकडं बाजारात एचएमटी पायलट म्हणून, फाव्र-ल्युबा म्हणून किती रंगवलेल्या डायली फिरतात बघा, लांबून झकास आणि भिंगाखाली अक्षरं फुगलेली. जाणकार माणूस ओमेगाची अशी डायल बघतो आणि घड्याळ खाली ठेवतो, भाव निम्म्यावर येतो. आणि भावाचं सोडा, तुमच्या आईनं त्या रात्री जी डायल बघितली ती डायलच राहणार नाही.

त्या भेगेचं मात्र मनावर घ्या. काट्याच्या मधल्या फटीत तो माल नुसता रोगणाच्या जोरावर बसलेला असतो, रोगण वाळून ठिसूळ झालं की तुकडा पडतो आणि सरळ मशीनमधे जातो. तोवर घड्याळ आपटू देऊ नका. सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा कारागिराला सांगा की काटा उलटा करून मागून पारदर्शक लॅकरचा अगदी पातळ हात द्यायचा. समोरून रंग तोच राहतो, तुकडा पडत नाही. एवढंच काम करायचं, बाकी कशाला हात लावू द्यायचा नाही.

उदगीरकर

चाचा लई लई आभार. बघितलं. टी स्विस मेड टी असंच आहे, दोन्ही बाजूला टी, इतक्या वर्षात कधी दिसलंच नव्हतं. टॉर्चची परीक्षा पण केली, काटे चमकले, फिकट हिरवे, आणि मी आईला हाक मारेपर्यंत विझले पण. म्हणजे मूळचंच आहे. पण मग रंग असा कशानं झाला आणि विझलं कशानं, ते कोणी सविस्तर सांगेल का? आणि ठिपक्यांपेक्षा काटेच जास्त काळे कामून?

नांदेडचे_सर

मी भौतिकशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. हा माझ्या फार आवडीचा विषय, जरा लांबेल.

तुमच्या काट्यात दोन गोष्टी एकत्र कालवलेल्या आहेत. एक चमकणारी पूड, ती झिंक सल्फाइडची. आणि दुसरं ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, जे त्या पुडीला आतून सतत टिचक्या मारत राहतं. त्यातून निघणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन पुडीवर आदळला की तिथं उजेडाचा कण निघतो. म्हणून त्याला उन्हात ठेवायची गरज नव्हती, रात्रभर आपोआप चमकायचं. मामांनी पहाटे चारला वेळ वाचली ती त्याच्यामुळंच.

आता ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. म्हणजे दर १२.३ वर्षांनी जेवढं होतं त्याच्या निम्मं उरतं. १९७६ चं घड्याळ धरलं तर १९९३ साली साधारण ३८ टक्के ट्रिटियम शिल्लक होतं, तेव्हा दिसत होतं हे अगदी बरोबर जुळतंय. त्यानंतर अजून तीसेक वर्षं गेली. चार अर्धायुष्यं म्हणजे ४९ वर्षं, म्हणजे आता सोळावा हिस्सा. पण उजेड सोळाव्या हिश्श्यापेक्षाही कमी झालाय, कारण टिचक्या खाऊन खाऊन पूड पण झिजलीय. मारणारा थकला आणि मार खाणारी पण थकली, असं दोन्हीकडून झालंय.

रंगाचं कारण तेच. पूड ज्या रोगणात कालवली ते रोगण किरणोत्सारानं, उजेडानं आणि ओलीनं पिवळं पडत जातं. आधी साय, मग मध, मग गूळ. दोन सारखी घड्याळं एकाच दिवशी घेतली, एक कपाटात राहिलं आणि एक उन्हात मनगटावर, तर दोन्हीचे रंग वेगळे होतील. काटे जास्त गडद कारण काट्यांचा माल बऱ्याचदा वेगळ्या मिश्रणाचा असायचा, थर वेगळा, खाली डायलचा रंग नाही तर मोकळी फट. आणि एकदा पाण्याची वाफ आत गेली की काळपट हिरवे डाग पडतात, ते मात्र वयाचे नाहीत, ते दुखण्याचे. तुमचा गुळाचा रंग सगळीकडं सारखा असेल तर ते वय आहे. कुठं ठिपका-ठिपका काळं असेल तर वायसर खराब झालाय असं समजा.

घाबरायचं कारण नाही. ट्रिटियमचे इलेक्ट्रॉन इतके अशक्त की हवेतच सहा मिलिमीटरच्या आत थांबतात, काचेतून बाहेर येतच नाहीत. मात्र डायल खरवडून ती धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही, हे दुकानदार दोन दिवसात करतो म्हणला ना, तो काय काळजी घेणार होता देव जाणे.

१९९३ सालाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याच वर्षी जपानच्या नेमोटो कंपनीनं ल्युमिनोव्हा आणलं. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट, त्यात अगदी थोडं युरोपियम आणि डिस्प्रोसियम. किरणोत्सार शून्य, उजेड पिऊन घ्यायचा आणि रात्री सावकाश सोडायचा, आणि चमक जुन्या पुडीच्या कितीतरी पट. स्विस कंपन्या १९९८ च्या आसपास ट्रिटियम सोडून तिकडं वळल्या, तिथलंच सुपर ल्युमिनोव्हा. रोलेक्सनं २००८ ला निळं क्रोमालाईट आणलं. त्यामुळं १९९८ ही रेघ लक्षात ठेवा, तिच्या अलीकडची घड्याळं तुमच्यासारखी मधाळ होत नाहीत. आता काही कंपन्या नव्या घड्याळात मुद्दाम जुनाट पिवळ्या रंगाचा माल भरतात, लोकांना तो रंग आवडायला लागला म्हणून. तुमच्याकडं तो ५० वर्षं शिजून आलेला आहे.

जालनेकर_आर

सरांनी आणि चाचांनी जे सांगितलं ते माझ्या अंगावरून गेलंय म्हणून लिहितो. माझ्या वडिलांचं १९८१ चं रोलेक्स डेट होतं, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. त्याचे ठिपके असेच सायीसारखे झालेले. मला ते मळलेलं वाटायचं. एका दुकानात दिलं, नाव घेत नाही, परत आलं तेव्हा पांढरंशुभ्र, रात्री हिरवंगार. पहिले आठ दिवस मी खूश होतो, सगळ्यांना लाईट बंद करून दाखवायचो. मग वडिलांनी हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि शांतपणे विचारलं, माझं कुठंय? काट्यातला काढलेला माल त्या दुकानानं फेकून दिला होता. परत आणता येत नाही. अजून ते घड्याळ बघितलं की वडिलांचा तो प्रश्नच ऐकू येतो. उदगीरकर, करू नका.

परभणी_टाईम

मी माझा शब्द मागं घेतो भाऊ. मला वाटलं पुन्हा भरता येतं म्हणजे नुकसान नाही. मूळचा माल फेकून देतात हे माहितीच नव्हतं.

जाता जाता एक विचारायचं होतं सर, माझ्या नवीन घड्याळात सुपर ल्युमिनोव्हा आहे, झोपताना जबरदस्त चमकतं आणि अर्ध्या तासात फिकं पडतं, माल हलका भरलाय का?

नांदेडचे_सर

नाही, तो त्याचा स्वभावच आहे. पहिल्या काही मिनिटात जोरात सोडतं, मग लांब शेपूट, ते पहाटेपर्यंत चालतं. रात्री दोनला मोटरीसाठी उठाल तेव्हा मोबाईल न बघता आधी घड्याळ बघा, डोळे अंधाराला सरावलेले असतात, दिसेल. मोबाईल एकदा बघितला की वीस मिनिटांची कमाई गेली. आणि घराच्या पिवळ्या बल्बपेक्षा दहा मिनिटं उन्हात ठेवलेलं केव्हाही चांगलं. ते वर्षांनी झिजत नाही, फक्त पाण्याला भितं, म्हणून वायसर वेळेवर बदला.

बीडची_मी

मला थोडी भीती वाटायली हे वाचून. आमच्या आजोबांचं वेस्ट एंडचं घड्याळ आहे, आजी सांगते की निजामाच्या काळातलं, म्हणजे ४८ च्या आधीचं. आकडे मोठे, तपकिरी, टी वगैरे काही नाही, टॉर्चनं पण चमकत नाही. काच तडकलेली आहे आणि माझा सात वर्षांचा मुलगा ते घेऊन खेळतो. हे रेडियम असेल का?

नांदेडचे_सर

ताई, आजच मुलाच्या हातातून घ्या. काळ आणि लक्षणं दोन्ही बघता रेडियम धरूनच चालायचं. न चमकणं म्हणजे संपलं असं अजिबात नाही. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. आजोबांनी घेतलं त्या दिवशी जेवढं होतं त्यातलं जवळजवळ ९७ टक्के आजही तिथंच आहे. मेलीय ती पूड, रेडियमच्या माऱ्यानं जळून गेलीय, रेडियम मात्र तसंच जिवंत.

साबूत काचेचं असं घड्याळ कपाटात ठेवलं तर घाबरायचं कारण नाही. धोका आहे तो सुटलेल्या पुडीचा. श्वासातून किंवा बोटावरून पोटात गेलं तर शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात साठवतं. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावात १९२० च्या आसपास तरुण मुली घड्याळाच्या डायलवर रेडियम रंगवायच्या, ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठात धरायला त्यांना शिकवलेलं होतं. त्यांचे दात पडले, जबड्याची हाडं सडली, कित्येक गेल्या. पाच जणींनी १९२७ साली कंपनीवर खटला भरला, त्यातल्या बऱ्याच जणींना धड चालता पण येत नव्हतं, तरी लढल्या. मी दरवर्षी वर्गात हे सांगायचो आणि दरवर्षी आवाज जड व्हायचा.

तुम्ही एवढं करा. घड्याळ उघडायचं नाही, काच काढायची नाही. झिपच्या जाड पिशवीत घाला, डबीत ठेवा, डबी झोपायच्या खोलीत नको, जिथं हवा खेळती आहे तिथं ठेवा, कारण रेडियममधून रेडॉन वायू निघत राहतो. मुलाचे हात साबणानं धुवा. जिथं तो खेळत होता ती जागा झाडायची नाही, ओल्या कापडानं पुसून घ्या आणि कापड टाकून द्या.

गुलमंडी_घडीसाज

सरांच्या बोलण्यात एक जोडतो. ताई, कोणत्याही दुकानात ते घड्याळ देताना आधी तोंडानं सांगा की रेडियम असू शकतं. आमच्या धंद्यात डायलवरची धूळ फुंकर मारून उडवायची सवय असते. वालिद आयुष्यभर अशीच फुंकर मारायचे, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी रबरी फुग्याचा पंप पण वापरत नाही असल्या डायलवर, मास्क आणि हातमोजे घालतो, काम झालं की टेबल ओलं पुसतो. तरुण पोरं येतात शिकायला त्यांना पहिला धडा हाच देतो. काच बदलून घ्यायचीच असेल तर जाणत्या माणसाकडूनच.

आणि उदगीरकर दादा, आईसाठी एक उपाय सुचतो. घड्याळ दोन दिवस कपाटात बंद ठेवा, बिलकुल उजेड लागू देऊ नका, म्हणजे टॉर्चचा उधार उजेड राहणार नाही. मग रात्री, लाईट नसताना, खोली पूर्ण अंधारी करून आईसोबत वीस-पंचवीस मिनिटं बसा, मोबाईल बाहेर ठेवा. त्यानंतर घड्याळ काढा, डोळ्याच्या अगदी जवळ धरा, आणि काट्याकडं सरळ न बघता थोडं बाजूला बघा, अंधारात डोळ्याची कड जास्त बघते. सोळावा हिस्सा आहे, पण आहे.

उदगीरकर

चाचा, सर, सगळेच, काल रात्री केलं. खिडकीला गोधडी लावली. आई आधी म्हणली हे काय खूळ, मग बसली. वीस मिनिटं आम्ही दोघं अंधारात नुसते बोलत होतो, मामांबद्दलच बोलणं निघालं, कुवेतच्या पत्रांबद्दल, त्या रात्री अंगणात कोण कोण होतं त्याबद्दल. मग घड्याळ काढलं. मला आधी काहीच दिसंना. आईनं हातात घेतलं, अगदी नाकाला लावलं, आणि म्हणली मोठ्या काट्याचं काही नाही पण बारक्या काट्याच्या जागी धुरासारखं काहीतरी आहे. मग मला पण दिसलं, बाजूला बघितल्यावर. हिरवं पण म्हणता येणार नाही, राखेसारखं. किती वाजले ते त्यावरून कळत नव्हतं.

डायलला हात लावायचा नाही असं आईनंच सांगितलं. त्या दुकानाला फोन करून नाही म्हणून कळवलं.

चाचा, येत्या आठवड्यात संभाजीनगरला यायलोय, सर्व्हिसिंग, मागून लॅकर आणि वायसर एवढं तुमच्याकडंच करायचं म्हणतो. एसटीनं आणताना काट्याचा तो तुकडा पडू नये म्हणून घड्याळ मनगटावर घालून आणू का डबीत कापूस घालून?

गुलमंडी_घडीसाज

डबीत. डायल वर करून, कापूस फक्त बाजूनं आणि खालून, काचेवर दाब नको. आणि ऑटोमॅटिक आहे, हलवलं की चालू होतं, म्हणून निघायच्या दोन दिवस आधीपासून घालू नका, बंद पडू द्या. एसटीच्या धक्क्यानं रोटर थोडा फिरेलच, त्यानं काही होत नाही. सोबत ते १९७६ चं बिल पण आणा, बघायचंय मला.